दोर का तुटतो?

“फार ताणू नये, तुटेल,” असे आपण दिवसातून एकदा तरी म्हणतो. भावाभावांच्या वाटणीत म्हणतो, सोयरिकीच्या बैठकीत म्हणतो, बाजारात शेरडाचा भाव करतानाही म्हणतो. या म्हणण्यात पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. परंतु आज मी ज्याविषयी बोलणार आहे तिथे हा अनुभव अर्धाच खरा ठरतो. काही वस्तू फारशा ताणल्या न जाताच तुटतात, आणि काही वस्तू पुष्कळ ताणल्या तरी तुटत नाहीत, नुसत्या लांबतात. हा फरक पुस्तकातला वाटेल. पण साठ फूट खोल विहिरीच्या तळाशी, वर चाललेल्या भरल्या बादलीखाली जो माणूस उभा असतो त्याच्या दृष्टीने तो जिवाचा आहे.

माण तालुक्यात विहिरीवाचून गती नाही. सह्याद्रीला अडून पाऊस पश्चिमेलाच सांडतो आणि म्हसवडपर्यंत येता येता ढगांत नुसती सावली उरते. माणगंगेचे पात्र वर्षातले कित्येक महिने वाळूचे. १८७६-७७ चा दुष्काळ, १९७२ चा दुष्काळ, अशा आठवणींवर इथली माणसे वर्षे मोजतात. राजेवाडीजवळ इंग्रजी अमदानीत बांधलेला मोठा तलाव आहे, पण तलावाचे पाणी सगळ्यांच्या शेताला कुठून मिळणार? म्हणून विहीर. पूर्वी विहिरीवर मोट होती आणि मोटेला नाडा होता. मोट गेली, नाडा गेला, पंप आले. परंतु विहीर खणण्याचे, जुनी विहीर आणखी खोल नेण्याचे काम अजूनही दोराशिवाय होत नाही. काठावर यारी उभी करतात, तिच्या पिंपावर तारेचा दोर गुंडाळतात, इंजिन लावतात, आणि सुरुंगाने फोडलेला दगड, मुरूम बादलीत भरून वर ओढतात. दर उन्हाळ्यात कुठून ना कुठून बातमी येते, की दोर तुटला आणि खालची माणसे सापडली. लोक हळहळतात, “वेळ आली होती” म्हणतात. वेळेचे मला काही सांगता येणार नाही. दोराचे मात्र थोडे सांगता येईल.

आधी एक साधी गोष्ट मान्य करू. भार घेतला की प्रत्येक घन वस्तू थोडीतरी बदलते. लोखंडी खांब भाराखाली आखूड होतो, दगडी जोते दबते, आणि चिमणी बसली तरी विजेची तार तेवढ्यापुरती लांब होते. ते डोळ्यांना दिसत नाही एवढेच. पोलादाची एक मिलिमीटर चौरस छेदाची, एक मीटर लांबीची तार टांगा आणि तिला दहा किलो वजन बांधा. ती जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबेल. वीस किलो बांधा, एक मिलिमीटर. वजन काढा, तार पहिल्या जागी. जेवढा भार तेवढे लांबणे, दुप्पट भार तर दुप्पट लांबणे. हे सूत्र रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाला १६६० च्या सुमारास सापडले. पण माणूस मोठा संशयी. आपला शोध दुसरा कोणी पळवील म्हणून त्याने १६७६ मध्ये तो नुसत्या उलटसुलट अक्षरांच्या कोड्यात छापला, आणि उत्तर दोन वर्षांनी, १६७८ मध्ये जाहीर केले! पुढे टॉमस यंग याने १८०७ मध्ये छापलेल्या व्याख्यानांत कोणता पदार्थ किती ताठ, हे मोजण्याची कल्पना मांडली. आजही अभियंते तिला त्याचेच नाव देतात.

वस्तू ताणली असता मूळ लांबीवर परत येते या गुणाला आपण स्थितिस्थापकता म्हणतो. सर्वांत स्थितिस्थापक कोण, असे विचारले तर शाळेतली पोरे रबराचे नाव घेतात. रबर पुष्कळ ताणते हे खरे, परंतु ते मऊ आहे. पोलाद फार ताठ आहे, कमी ताणते, पण जेवढे ताणते तेवढे इमानाने परत येते. अर्थात या इमानाला एक हद्द आहे. साध्या, मऊ पोलादाची हद्द मीटरमागे सुमारे सव्वा मिलिमीटरवर येते. तिथपर्यंत ते परत फिरते. त्यापुढे ओढले तर परत येत नाही, कायमचे लांबते. पण तुटतही नाही. मीटरमागे वीस सेंटिमीटर आणि कधी त्याहूनही अधिक लांबून मग तुटते. म्हणजे हद्द ओलांडल्यापासून तुटेपर्यंत पुष्कळ अंतर असते, आणि तेवढ्यात सळई वाकलेली, गज लोंबलेला माणसाला दिसतो. मऊ पोलाद आधी ओरडते आणि मग मरते, असे म्हटले तरी चालेल.

या सव्वा मिलिमीटरचा उपयोग आपले सुतार-लोहार यंगसाहेबाला न विचारता करीत आले. बैलगाडीच्या चाकाला धाव बसवताना धाव मुद्दाम चाकापेक्षा किंचित लहान करतात. मग गोवऱ्यांच्या आगीत ती तापवतात. लोखंड शंभर अंश तापले की मीटरमागे सव्वा मिलिमीटरच्या जवळपास वाढते. चाकाचा घेर सुमारे साडेचार मीटर धरला आणि धाव पाचशे अंश तापली, तर घेरात अडीच सेंटिमीटरहून जास्त वाढ मिळते. तेवढ्या सवडीत ती चाकावर घालायची, घणाने बसवायची आणि वर पाणी ओतायचे. निवता निवता ती आवळते, पुठ्ठे एकमेकांवर दाबले जातात, आरे तुंब्यात घट्ट बसतात, सगळे चाक कण्हते. खिळा न मारता नुसत्या ताणावर ते वर्षानुवर्षे एकजीव राहते. धाव किती लहान करायची हे लोहाराच्या अंगठ्याला ठाऊक असते. फार लहान केली तर लोखंड हद्दीपलीकडे ताणले जाते किंवा आरे वाकतात. मोठी राहिली तर पहिल्याच उन्हाळ्यात लाकूड आटून धाव निसटते. रबरी टायरच्या गाड्या आल्यापासून हे काम दुर्मिळ झाले आहे. अजून कुठे चालत असले तर पोरांना जरूर नेऊन दाखवावे. पदार्थविज्ञानाचा याहून चांगला तास शाळेत होत नाही.

आता लोकरीकडे येतो, कारण म्हसवडला येऊन घोंगडीचे नाव न काढणे बरे दिसणार नाही. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाड, राठ, आणि पुष्कळदा काळी. ती कातरायची, पिंजायची, बायांनी चरख्यावर कातायची, मग ताणा लावून त्याला चिंचोक्याची खळ द्यायची आणि खड्ड्याच्या मागावर विणायची. ‘ताणा’ हा शब्दच पाहा. उभे सूत म्हणजे ताणलेले सूत. खळ दिल्यामुळे त्याचे सुटे तंतू एकमेकांना चिकटतात आणि मागाचे धक्के सोसतात. आडव्या बाण्याला एवढे सोसावे लागत नाही. घोंगडी अंगावर घेणाऱ्या मेंढक्याला हे सांगायला नको, की ती ओढली, खेचली, डोक्यावरून खोळ करून घेतली, खाली अंथरली, तरी सहजासहजी फाटत नाही.

हे का, याचा उलगडा १९३० नंतरच्या दहा वर्षांत इंग्लंडमधल्या लीड्स या लोकरीच्या गावी विल्यम ॲस्टबरी याने क्ष-किरणांच्या साहाय्याने केला. लोकरीचा केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. त्याचे लांबलचक रेणू आत सरळ नसतात, दुमडून, वेटोळी घालून बसलेले असतात. केस ओढला की पहिल्या एकदोन टक्क्यांपर्यंत तो तारेसारखाच वागतो. त्यानंतर ही वेटोळी उलगडू लागतात आणि भार फारसा न वाढता केस लांबत जातो. ओला केस मूळ लांबीच्या तीस टक्के ताणून सोडला आणि पाण्यातच ठेवला, तर तो पुन्हा आपल्या लांबीवर येतो. पोलादाची तार हजारात एक-दोन भाग ताणून परत येते आणि मेंढीचा केस शंभरात तीस! बळ पोलादाचे अधिक, सोशिकपणा लोकरीचा अधिक. आणि एखादी वस्तू धक्क्याने तुटेल की नाही, हे नुसत्या बळावर ठरत नाही, या सोशिकपणावरही ठरते. पुढे दोराच्या हिशेबात हेच आपल्याला लागणार आहे.

दगडाची गोष्ट याच्या उलट. दगड दाबाला खंबीर, ताणाला दुबळा. काँक्रीटही तसेच, दाबून फोडायला जेवढे बळ लागते त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्यात ते ओढून फाटते. आपल्या जुन्या दगडी देवळांत खांब एवढे जवळजवळ का, याचे उत्तर यात आहे. दोन खांबांवर आडवी शिळा टाकली की ती नकळत वाकते. तिची वरची बाजू दाबली जाते, खालची बाजू ताणली जाते. खांब लांब ठेवले तर शिळा खालून तडकते. लाकडाला हा ताण सोसतो, म्हणून माळवदाच्या घराला तुळया लाकडाच्या. मात्र पांढऱ्या मातीचा भार वर्षानुवर्षे राहिला की लाकूडही सावकाश लोंबते, भार न वाढता लोंबते. आजोबांच्या वेळची सरळ तुळई नातवाच्या डोक्याला लागते ती यामुळे. जाता जाता सांगून ठेवतो : तुळई नेहमी उभट ठेवावी. चार इंच रुंद आणि आठ इंच उंच तुळई आडवी टाकली तर चौपट जास्त वाकते. लाकूड तेच, पैसे तेच.

दगडाच्या या दुबळेपणाची सातारा जिल्ह्यात एकदा फार मोठी परीक्षा झाली. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे साडेचारच्या आत कोयनेचा भूकंप झाला. त्याची तीव्रता साडेसहाच्या आसपास होती. कोयनानगर उद्ध्वस्त झाले, पुष्कळ माणसे गेली. कोयना धरण १०३ मीटर उंच, काँक्रीटचे. एरवी धरण आपल्या वजनाने पाण्याला रेटून धरते. त्यात सगळीकडे दाबच असावा असा बेत असतो. परंतु भूकंपात धरणाचा माथा पुढेमागे डोलला. डोलणाऱ्या काठीची एक बाजू दाबली जाते तेव्हा दुसरी ताणली जाते. धरणाच्या उतरत्या बाजूचा उतार जिथे एकदम बदलतो, त्या उंचीवर हा ताण सर्वांत अधिक झाला आणि तिथेच काही भागांत आडव्या भेगा पडल्या. धरण उभे राहिले. पाणी थोडे पाझरले, फुटले नाही. पुढे पोलादी दोऱ्या घालून आणि मागच्या अंगाला काँक्रीटचे टेकू देऊन ते बळकट केले गेले. पोलादी दोऱ्या ताणून धरण आवळले म्हणजे काय केले? धावेने चाक आवळतात तेच केले. ताण सोसणाऱ्या वस्तूकडून ताण घेतला आणि दाब सोसणाऱ्या वस्तूला आधीच दाबून ठेवले.

आता दोर. घायपाताचा, ज्याला आपल्याकडे केकताड म्हणतात, त्याचा दोर घ्या. पाने कुजवून, झोडपून निघालेला वाख फार तर हात-दोन हात लांब. त्याचा दोर शंभर हात लांब कसा होतो? बरे, तंतूला तंतू गाठ मारून जोडलेला नसतो. गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात हाच प्रश्न उभा केला होता. उत्तर आहे पिळात. पीळ दिला की ओढताना तंतू एकमेकांवर आवळतात, आणि जितके जास्त ओढावे तितके जास्त आवळतात. घर्षणाने एकाचा भार दुसऱ्याकडे जातो. दोर वळणाऱ्या कारागिरांच्या हातात ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या आहे. समाजाने त्यांच्या दोराला मान दिला, त्यांना दिला नाही, हे वेगळे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण आपण हट्टी माणसाला लावतो. खरे तर सुंभाचा सगळा जीवच पिळात आहे.

तारेचा दोर हे याच विद्येचे पुढचे पाऊल. जर्मनीत क्लाउस्टाल या गावी खाणी होत्या. तिथे माल वर ओढायला लोखंडी साखळ्या वापरत आणि त्या वारंवार तुटत. खाणीचा अधिकारी विल्हेल्म आल्बर्ट याने १८२९ च्या सुमारास साखळीला पुन्हापुन्हा भार देऊन पाहिला आणि त्याच्या ध्यानात आले, की एका वेळी जो भार साखळी हसत उचलते तोच हजारो वेळा दिला तर ती तुटते. धातूही थकतो! शिवाय साखळीचा दोष असा, की एक कडी गेली की सगळे गेले. म्हणून १८३४ मध्ये त्याने लोखंडी तारा पिळून दोर केला. एक तार तुटली तरी पिळामुळे तिचा भार शेजारणी घेतात आणि थोड्या अंतरावर ती तुटलेली तारही पुन्हा कामाला लागते. आज यारीवर दिसणारा दोर बहुधा सहा पेडांचा असतो, एकेका पेडात एकोणीसेक तारा, आणि मध्ये तेल धरून ठेवणारा तागाचा किंवा तशाच तंतूंचा गाभा.

या तारा साध्या पोलादाच्या नसतात. त्या फार कडक ओढलेल्या, मिलिमीटर चौरसाला सुमारे १८० किलो सोसणाऱ्या असतात. मऊ पोलाद चाळीस-पंचेचाळीस किलोंत तुटते. म्हणजे चौपट बळ झाले. पण मघाशी सांगितलेला सोशिकपणा गेला. कडक तार अगदी थोडी लांबते आणि तुटते. तिच्या ओरडण्याची वाट पाहत बसणाऱ्याला ती ओरडत नाही. म्हणून ज्याला दोराची जबाबदारी दिली त्यालाच डोळे उघडे ठेवावे लागतात.

थोडा हिशेब करू. बारा मिलिमीटर जाडीचा चांगला, नवा दोर तुटायला साधारण सात टन लागतात. बादली भरून पाचशे किलो धरू. म्हणजे चौदापट बळ आहे. “मग काय भ्यायचे?” असे यारीवाला म्हणेल, आणि भार हळू दिला तर त्याचे म्हणणे बरोबर आहे. विहिरीत वीस मीटर दोर सोडला असताना पाचशे किलोंनी तो सुमारे दोन सेंटिमीटर लांबतो. परंतु आता असे समजा, की वर येता येता बादली कपारीला अडकली, पुन्हा खाली सोडताना दोर ढिला पडला आणि मग बादली एकदम सुटली. समजा अर्धा फूट पडली. त्या अर्ध्या फुटात बादलीने घेतलेला वेग दोराला थांबवायचा आहे, आणि थांबवायला त्याच्याजवळ लांबण्याशिवाय दुसरा उपाय नाही. हिशेब केला तर दोरावर क्षणभर पाचशे नव्हे, जवळजवळ अडीच हजार किलोंचा भार येतो. पाचपट!

हाच प्रसंग बादली तोंडाजवळ आली असताना घडला तर? लोकांना वाटते, आता दोर थोडाच उरला, धोका टळला. उलटे आहे. चार मीटरचा दोर वीस मीटरच्या दोरापेक्षा पाचपट कमी लांबतो, म्हणजे धक्का गिळायला त्याच्याजवळ जागाच नाही. त्याच अर्ध्या फुटाच्या हिसक्याला आता नऊपटींहून अधिक, म्हणजे पावणेपाच टनांच्या घरात भार येतो. आणि दोर जुना असेल, तारा झिजून, तुटून त्याचे तिसऱ्या हिश्श्याचे बळ गेले असेल, तर त्याच्याजवळ उरलेले बळही पावणेपाच टनच. यारीचे लाकूड, लोखंड, खालची जमीन ही थोडी लवते आणि प्रत्यक्षात हिसका यापेक्षा काहीसा कमी बसतो; माझा हिशेब यारी अगदी ताठ धरून केला आहे. परंतु तेवढ्या लवण्याच्या भरवशावर खाली माणसे उभी करायची का, याचा विचार ज्याचा त्याने करावा. वाखाच्या दोराचे बळ कमी, पण तो लवकर लांबतो, म्हणून असला हिसका तो त्या मानाने बरा गिळतो.

हिसका न देताही दोर मरतो, आणि तो मरतो कप्पीवर. कप्पीवरून वळताना प्रत्येक तार वाकते, तिची बाहेरची अंगे ताणली जातात. बारा मिलिमीटर दोरातली एक तार सुमारे पाऊण-एक मिलिमीटर जाड. कप्पीचा व्यास वीस सेंटिमीटर असेल तर साध्या हिशेबाने नुसत्या वाकण्यामुळेच तारेच्या बाहेरच्या कडेवर तिच्या बळाच्या जवळजवळ निम्मा ताण येतो. चाळीस सेंटिमीटरची कप्पी घेतली तर तो पाव हिश्श्यावर उतरतो. दिवसाला शंभर खेपा म्हणजे दोनशे वेळा वाकणे, सरळ होणे. मळलेल्या खिळ्याची तार आपण हाताने मागेपुढे करून तोडतो ना, तेच, फक्त सावकाश. म्हणून जाणती माणसे दोराच्या जाडीच्या निदान अठरा-वीस पट व्यासाची कप्पी वापरतात, त्याहून मोठी मिळाली तर उत्तम. गाडीच्या जुन्या लहान चाकाची कप्पी करणे यात पैसे वाचतात, पण ते दोराच्या आयुष्यातून वजा होतात.

रथाच्या दोराचेही एक सांगून टाकतो. मार्गशीर्षात सिद्धनाथाच्या रथाला म्हसवडात केवढी गर्दी लोटते ते सांगायला नकोच. असा मोठा रथ ओढायला एका दोरखंडाला शंभर माणसे लागली आणि प्रत्येकाने वीस-वीस किलोंचा जोर दिला, तर सर्वांत पुढच्या माणसाच्या हातातल्या दोरावर वीसच किलो असतात. मागे येत येत ती बेरीज होत जाते आणि रथाच्या कड्याजवळ दोन हजार किलो भरतात. सबंध दोर एकच, पण तुटायचा तो रथाजवळ तुटणार. म्हणून दोर तपासायचा तो त्या टोकाकडून. आणि तिथे गाठ असेल तर जास्तच जपावे, कारण गाठीत तंतू एकदम वळतात आणि दोराचे बळ निम्म्यावर येऊ शकते.

तारेच्या दोराला तर गाठ मारूच नये. टोक वळवून क्लिपा लावाव्यात, निदान तीन. क्लिपेचे खोगीर भार घेणाऱ्या दोरावर बसले पाहिजे आणि वाकडा बोल्ट मोकळ्या टोकावर. उलटे बसवले तर बोल्ट चालत्या दोराला चिमटतो आणि तिथेच तारा तुटू लागतात. दोर उकलताना त्याला आढी पडू देऊ नये. एकदा पडलेली आढी ठोकून सरळ दिसली तरी आतल्या तारा हद्दीपलीकडे गेलेल्या असतात. तेल वरचेवर द्यावे. बाहेरच्या गंजापेक्षा आतला गंज वाईट, कारण तो दिसत नाही.

तपासणी कशी करायची? याला यंत्र लागत नाही. सकाळी काम सुरू होण्याआधी जुन्या कापडाची चिंधी दोराभोवती धरायची आणि दोर हळूहळू सोडायचा. तुटलेली तार चिंधीला अडकते. उघड्या हाताने करू नये, तळवा फाटतो. कुठे एकाच ठिकाणी पाचसहा तारा तुटलेल्या आढळल्या, किंवा दोराची जाडी दहाव्या हिश्श्याने कमी भरली, बारा मिलिमीटरचा दोर अकराच्या खाली गेला, की तो दोर संपला असे समजावे. कप्पीवर आणि पिंपावर नेहमी राहणारा भाग विशेष पाहावा. माल उचलायचा असेल तर दोराचे बळ भाराच्या पाच-सहापट तरी धरतात. माणसे उचलायची तर दहा-बारापट. आपल्याकडे बादलीतच उभे राहून वर-खाली जाण्याची रीत आहे. ती यारी मालासाठी केलेली असते, हे तिच्यात चढणाऱ्याला कोणी सांगत नाही. शिडी लावायला वेळ लागतो आणि वेळेचा पैसा पडतो. उक्त्या कामात खेपा मोजल्या जातात, शिडीचा वेळ कोण मोजणार? विहीर कोणाच्या का शेतात असेना, भरलेली बादली वर जात असताना खालच्या माणसांनी मधून बाजूला, कपारीच्या अंगाला सरकावे, आणि ती काठावर रिकामी होईपर्यंत तिथेच थांबावे. याला कसलाच खर्च नाही. मालकाने नव्हे, तर टोळीच्या मुकादमानेच ही शिस्त लावली तर ती टिकते, असा माझा अनुभव आहे.

एक शेवटचे. बाद झालेला दोर गोठ्याच्या आढ्याला टांगून ठेवण्याची आपल्याला सवय आहे. कधीतरी उपयोगी पडेल म्हणून. सहा महिन्यांनी शेजारचा कोणी येतो, “मामा, दोर आहे का हो, चार दिवसांचे काम आहे,” म्हणतो, आणि आपणही नाही म्हणत नाही. तेव्हा दोर बाद केला त्याच दिवशी लोहाराकडे नेऊन छिन्नीने त्याचे हात-दोन हातांचे तुकडे करून टाकावेत. तेवढ्या तुकड्याने बाभळीचे कुंपण आवळता येते, फाटक बांधता येते. विहिरीत मात्र तो कोणाला सोडता येत नाही.